श्रावणभाऊंचं माप

श्रावणभाऊ मैदानावर आले की आधी काठी, मग पाणी. भातकुलीकडच्या कुठल्या तरी शिवारात दिवसभर मोजणीची साखळी ओढून, सायकलीसकट धुळीनं माखून ते अमरावतीच्या आमच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर यायचे. सायकल कडुनिंबाला टेकवायची आणि सामानाच्या खोलीतली बांबूची काठी घेऊन थेट नेटखाली जायचं. काठी बरोबर आठ फुटांची, म्हणजे नेट असावं तेवढ्याच उंचीची. ती आधी एका टोकाला उभी करायची, मग दुसऱ्या टोकाला, शेवटी मध्ये. "मधातच झोल खाते हे," असं पुटपुटत ते आम्हाला दोर ताणायला लावायचे. काठीचं टोक नेटच्या वरच्या पट्टीला टेकलं की मगच घोटभर पाणी घशाखाली जायचं.

मी चोपन्न साली त्या मैदानावर गेलो तेव्हा शाळेत नुकताच मास्तर झालो होतो आणि स्वतःला मोठा स्मॅशर समजत होतो. पहिल्याच संध्याकाळी दोन-तीन बॉल असे सणसणीत मारले की पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात श्रावणभाऊ आले. काठी लावून पाहतात तर नेट दोन बोटं खाली. माझ्याकडे वळून म्हणाले, "इथं बहाद्दर होशीन लेका, अन् अकोल्याले जाऊन रडशीन." नेट वर घेतलं आणि माझा पुढचा एकही बॉल पलीकडे गेला नाही. आठवड्याभरात त्यांनी मला बूस्टर केलं. बूस्टर म्हणजे नेटजवळ उभा राहून बॉल अलगद वर चढवून देणारा. तो चढवणार आणि स्मॅशर उडी घेऊन हाणणार, नाव मात्र स्मॅशरचं होणार. स्मॅशर अर्थातच श्रावणभाऊ. ते हवेत चढायचे तेव्हा तिथं क्षणभर थांबायचे, असं आम्ही शपथेवर सांगायचो.

नोकरी त्यांची मोजणी खात्यात, साखळी धरण्याची. त्यांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. त्याआधी आणि नंतरही अशी गावं होती, जिथं त्यांना ओंजळीत वरून पाणी ओतायचे. पण बांधावरून भावाभावांत जुंपली की त्याच गावचे लोक कचेरीत येऊन म्हणायचे, "श्रावणले पाठवा, तो साखळी ढिली सोडत नाही." मला हे ऐकून संताप यायचा. श्रावणभाऊ हसायचे. "मानूस मानसाले कमी-जास्त मापते, दिनू. साखळी नाही मापत. म्हनून मले साखळी आवडते."

दरवर्षी जानेवारीत अकोल्याला सामने व्हायचे. तिथल्या लोकांनी श्रावणभाऊंना डोक्यावर घेतलं होतं. पण एकसष्टच्या सामन्यात आम्ही हरलो आणि अमरावतीत दोन तट पडले. चौकातल्या हॉटेलात कपबशा आपटून वाद व्हायचे. एक म्हणे, "श्रावण सरला आता. चाळिशी आली त्याची." दुसरा म्हणे, "काहून सरंल? तो मास्तर बॉलच धड देत नाही!" तो मास्तर म्हणजे मी. मी शाळेच्या भिंतीवर कोळशाची रेघ ओढली आणि रोज सकाळी तिथपर्यंत बॉल चढवायचा सराव करू लागलो. श्रावणभाऊ मात्र विचारेल त्याला सांगायचे, "बॉल बरोबर होता. मायाच हात उशिरा आला." लोक म्हणायचे, पहा, काय दिलदार माणूस! खरं बोलणाऱ्या माणसाचं कौतुक झालं, पण त्याचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. मीसुद्धा नाही.

त्या पावसाळ्यात त्यांचे चारातले दोन बॉल नेटात जायला लागले. एका संध्याकाळी पायातले बूट सोडता सोडता ते म्हणाले, "पोट्टेहो, या साली अकोल्याले दुसरा गडी घ्या. मायी उडी सरली."

श्रावणभाऊंशिवाय अकोला ही कल्पनाच आम्हाला सहन होईना. ते घरी गेल्यावर आम्ही पाचही जण तिथंच बसून राहिलो. आमच्यातला दत्तू मोठा कल्पक. तो म्हणाला, "भाऊ वर जात नाही, तं नेट खाली येऊ शकते ना?" मी म्हटलं, "आणि काठी?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी करवत आणली आणि काठी बुडातून चार बोटं कापली. कापलेल्या जागी माती आणि तेल चोळलं. पाप करतोय असं वाटलं नाही, उलट आपण केवढी माया करतो असंच वाटत होतं.

संध्याकाळी श्रावणभाऊंनी काठी उचलली आणि क्षणभर थांबले. "हलकी लागून राह्यली," म्हणाले. "वायली असंल," बांबू वाळला की हलका होतो असं धरून त्यांनीच उत्तर दिलं आणि नेटखाली गेले. त्या काठीवर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता.

त्यानंतर काय बहर आला! बॉल खणाखण पलीकडे आदळू लागले. "अबे, मायी उडी वापस आली!" असं म्हणून ते लहान मुलासारखे हसायचे. वहिनींनी मला थांबवून सांगितलं, "यंदा घरात गानं म्हनून राह्यले." हॉटेलातले माझे वैरी मला चहा पाजू लागले, मास्तर सुधारला म्हणाले. मी तो चहा प्यायलो. ही गोष्ट लिहिताना अजून जीभ भाजते.

जानेवारीत अकोला. श्रावणभाऊंनी पहिली उडी घेतली आणि बॉल नेटात. दुसरा नेटात, तिसराही. अमरावतीहून आलेले लोक ओरडायला लागले, "बूस्टर बदला!" मला ते ओरडणं बरं वाटत होतं, कारण निदान भाऊंना कुणी काही म्हणत नव्हतं. पहिला सेट गेल्यावर त्यांनी पंचांना नेट मोजायची विनंती केली. पंचांनी मोजलं, बरोबर आठ फूट भरलं. श्रावणभाऊंनी हात जोडून त्यांची माफी मागितली. मग नेटखाली उभं राहून स्वतःचा हात वर केला आणि बोटं पट्टीच्या किती खाली राहतात, ते बराच वेळ पाहत राहिले. आमच्या मैदानावर एवढं अंतर उरत नव्हतं.

माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "काठी कोनं कापली?"

"मी."

"किती?"

"चार बोटं."

त्यांनी मान हलवली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता बॉल मी देतो. तू मार." आयुष्यात कधी बूस्टर न झालेल्या त्या माणसानं मला असे बॉल दिले, की मारणाऱ्याला फक्त हात फिरवायचा होता. एक सेट आम्ही काढला, पण सामना गेला.

परतीच्या गाडीत बडनेरा जवळ आलं तेव्हा ते खिडकीबाहेर पाहतच बोलले. "मी पावसायातच सांगतलं होतं, उडी सरली म्हनून. आयकलं नाही कोनं." मग म्हणाले, "गावानं मले जल्मभर कमी मापलं, दिनू. तुमी जास्त मापलं. बरोबर कोनंच नाही मापलं." मी रडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यामुळं मला जास्तच रडू आलं.

हॉटेलातला वाद पुढं वर्षभर चालला. भाऊ सरले होते हे खरं, पण त्यांनी ते मान्य केलं होतं आणि जवळच्या माणसांनी ते मान्य करू दिलं नाही. त्यांना आम्हीच दगा दिला होता.

दुसऱ्या दिवशी ते मैदानावर आले ते बांबूचा चार बोटांचा तुकडा आणि लोखंडी कडं घेऊन. काठीला बुडाशी जोड दिला आणि काठी माझ्या हाती ठेवली. मी नवी आणतो म्हणालो तर म्हणाले, "नाही. जोड दिसला पायजे." पुढं दोन वर्षं ते खेळले नाहीत, पंच झाले. मग परतवाड्याला बदली झाली आणि तिथंच तापाचं निमित्त होऊन गेले. मला दोन दिवसांनी कळलं. शेवटचं दर्शनही झालं नाही, ही खंत कायमची राहिली.

सदुसष्ट सालची गोष्ट. मी स्वतः तिशी ओलांडलेला, गुडघे बोलू लागलेले. आठवडाभर मैदानावर माझा हात फारच छान बसत होता, पोरं वाहवा करत होती. एका संध्याकाळी ऐन डावात मी थांबलो, खोलीतून ती जोडाची काठी आणली आणि नेटच्या मध्ये उभी केली. नेट दोन बोटं खाली होतं. दोर ढिला झाला होता की कुणाची माया होती, ते मी विचारलं नाही. पोरं खाली पाहत होती.

दोर ताणून घेतला. पुढचा बॉल मी मारला आणि तो नेटात गेला. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं.