काढून टाकलेली अकरा माणसं

युद्धाच्या दिवसांत मी जळगावच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. काम ऱ्हस्वदीर्घाचं, पण मला मजकुरातही हात घालायची खोड होती. एका लग्नपत्रिकेतली दोन आजोबांची नावं मला जास्तीची वाटली, म्हणून मी ती उडवली. त्यातले एक आजोबा दुसऱ्या दिवशी छापखान्यात हजर झाले. ते गेल्यावर मालकांनी मला शांतपणे सांगितलं की एवढीच हौस असेल तर वरच्या खोलीत पाटी लावा आणि ज्यांना हवं असेल त्यांचंच सुधारा.

पाटीवर मी लिहिलं: ‘येथे लेखन शिकवले जाईल. लिहिलेले सुधारून मिळेल.’ पहिल्या रविवारी दुपारी पाच जण आले. त्यातल्या तिघांना अक्षर सुधारून हवं होतं. मी खुलासा केला, तेव्हा एक उठून गेला आणि दोघं, आलोच आहोत तर बसतो, म्हणून बसले. चौथा वकिलाचा कारकून होता. पाचवे भुसावळच्या रेल्वेच्या पार्सल हापिसातले गृहस्थ, वर्गातले सर्वांत मन लावून लिहिणारे. मी म्हटलं, डोळ्यांनी पाहिलं असेल ते लिहा. त्यांनी बायको माहेरी गेल्याचा प्रसंग लिहून आणला. त्यात गाडीची वेळ होती, बायकोच्या ट्रंकेचं वजन होतं आणि शेवटी ‘सर्व सुस्थितीत रवाना’ असं होतं. मी भावना कुठे आहे, असं विचारलं, तर त्यांनी ‘सुस्थितीत’ या शब्दावर बोट ठेवलं.

असे चारपाच रविवार गेले आणि पारोळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले आबा आले. साठी ओलांडलेले, कपाशीची शेती असलेले. लाल फडक्यात बांधलेल्या नऊ वह्या त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. ती कादंबरी होती. एक वरात वाट चुकते आणि भलत्याच गावात जाऊन पोचते, अशी गोष्ट. बोलायला आबा अहिराणी, पण लिहायला थेट संस्कृताच्या अंगाने जाणारे. गोष्ट मला मनापासून आवडली. फक्त सहाव्या वहीपर्यंत वरात निघालेलीच नव्हती. तोवर वऱ्हाडातल्या माणसांची ओळखच चालू होती.

छापखान्याच्या मालकांनी वह्या हातात तोलून पाहिल्या आणि सांगितलं की कागद मिळत नाही, हे निम्म्यावर आणा. मग मी आबांना शेजारी बसवून लाल शाईने कामाला लागलो. अकरा माणसं मी काढली. दर वेळी आबा विचारत, हा कुठे गेला. मी सांगत असे की गोष्टीला त्याची गरज नाही. ते मान हलवत. शेवटी त्यांनी वह्या पुन्हा फडक्यात बांधल्या, नीट वाचून आणतो म्हणाले, आणि गेले.

दोन रविवारांनी वर्ग चालू असताना जिन्यावरून एक पागोटेवाले गृहस्थ वर आले. त्या काळी पेट्रोलअभावी प्रवासी मोटारी कोळशावर चालत, त्यामुळे त्यांचं तोंड काळवंडलं होतं. लोक काढणारा मास्तर कोण, असं त्यांनी विचारलं. मी हात वर केला. ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले,

“मास्तर, माले कसाले काढी टाकं तुम्ही?”

हळूहळू उलगडा झाला. आबा आपलं लिखाण मारुतीच्या पारावर गावाला वाचून दाखवत असत. कादंबरीतला कोण म्हणजे गावातला कोण, हे सगळ्यांना पाठ होतं. हे गृहस्थ म्हणजे तिसऱ्या वहीत वऱ्हाडाला पाणी पाजणारा माणूस. आता आबांनी दुरुस्त केलेली प्रत वाचली आणि त्यात ते नव्हते. तेव्हापासून गावाची वागणूक बदलली होती. कुणी त्यांना रामराम घालेना. एका बारशाला पंगतीत त्यांच्यापुढे पान मांडलं गेलं नाही. वाढणाऱ्याने मुद्दाम केलं नव्हतं, ओळ मोजताना त्याने यांना सहज वगळलं. मुलीच्या सासरी बातमी पोचली होती आणि व्याह्यांनी, असं काय केलंत, अशी विचारणा केली होती.

मी त्यांना समजावलं की पुस्तकातली माणसं खोटी असतात, ते मनाला लावून घेऊ नये.

“खोटं शे तं मंग काढं कसाले?” ते म्हणाले.

मी पुढच्या रविवारी या, असं म्हणालो. त्याचा अर्थ त्यांनी सगळ्यांनी या, असा घेतला.

पुढच्या रविवारी अकराही आले, सोबत आबा. आबा खाली मान घालून कोपऱ्यात बसले. खोलीत जागा नव्हती, म्हणून वकिलाचा कारकून खिडकीत चढून बसला. मी जरा मास्तरकीचा आव आणून सांगितलं की ज्याला पुस्तकात राहायचं आहे, त्याने आपल्यावाचून गोष्ट कुठे अडते ते सांगावं. हा धडा मी वर्गाला महिनाभर शिकवत होतो आणि कुणाला जमला नव्हता. या लोकांना जमला. एक अक्का म्हणाल्या की त्या नसतील तर नवरीला हळद लावणारं कोणी उरत नाही, कारण बाकीच्या सगळ्या नवऱ्याकडच्या. एक जण बैलांचा धनी निघाला, तो गेला तर बैलही गेले. मी खालमानेने लिहून घेत राहिलो.

शेवटी एक फार म्हातारे नाना उरले. पुस्तकात ते लिंबाखाली बसलेले होते, एवढंच. त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी बराच विचार केला.

“मी काही करस नही,” ते म्हणाले. “निंबखाले बठेल शे. बठू द्या.”

मग पार्सल हापिसवाल्यांनी घसा खाकरून उपाय मांडला. पार्सलं फार झाली की सुटी न पाठवता एकाच डब्यात भरतात. या अकरा जणांना एका बैलगाडीत घालावं आणि एका वाक्यात बोरी नदी ओलांडून न्यावं. अर्ध्या पानात काम होईल. सगळ्यांना ते पटलं. मात्र गाडीत कोण पुढे आणि कोण मागे, यावर तास गेला. पाणी पाजणारे पुढे बसले, अक्का मध्ये.

नाना मात्र गाडीत चढायला तयार होईनात. आपण कुठे जात नाही, असं त्यांचं म्हणणं. मग गाडी लिंबापाशी क्षणभर थांबवायची आणि वऱ्हाडाने त्यांना वाट विचारायची, असं ठरलं. ते काय उत्तर देतील, असं मी विचारलं. नाना म्हणाले, “माले माहीत नही.”

मी ते लिहून घेतलं आणि लेखणी तिथेच थांबली. नऊ वह्यांत वरात वाट का चुकली, याचं कारणच नव्हतं. मी ते विचारलं नव्हतं, आबांना सुचलं नव्हतं, आणि आता ते या माणसाच्या तोंडून आलं होतं, ज्याला मी सर्वांत आधी काढलं होतं. मला लाज वाटली. आबांनी मात्र पहिल्यांदाच मान वर केली आणि नानांकडे जरा मत्सराने पाहिलं.

पुस्तक पिवळट कागदावर छापून झालं. पारावर वाचन ठेवलं, तेव्हा आमचा सगळा वर्ग गेला. आपला उल्लेख आला की तो तो माणूस उभा राही, सगळ्यांना हात जोडी आणि बसे. नाना उभे राहिले नाहीत. पुस्तकातही ते बसलेलेच होते, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. नंतर पंगत झाली आणि सगळ्यांपुढे पान होतं, माझ्याही.

जेवण झाल्यावर मी आबांना पुढे काय लिहिणार, असं विचारलं.

“गाव सरनं, मास्तर,” ते म्हणाले. “बठ्ठा लोके लिखाई ग्यात.”

सगळं गाव लिहून संपलं, याची त्यांच्या आवाजात खंत नव्हती. कापूस वेचायला बायका आल्या का, ते पाहायला ते उठले आणि शेताच्या वाटेने निघून गेले.