सगळ्यांना हॉटेल दाखवणाऱ्या मावशी

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमचं घर बौद्ध. उतारा, अंगारा, देवऋषी असलं काही वडिलांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यात माझी वीस वर्षं हॉटेल लाइनमध्ये गेली. प्रत्येक जुन्या हॉटेलात एक 'भुताची रूम' असते आणि शोधायला गेलं की तिथं गळका नळ निघतो, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. तरी लिहितोय... कारण आता डोक्याला नुसता ताप झालाय.

हॉटेल हिंगोली शहरातलं. नाव मुद्दाम देत नाही. स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटं. निजामाच्या काळात एका कापूस व्यापाऱ्यानं बाहेरगावच्या अडत्यांना उतरायला म्हणून बांधलेली दुमजली इमारत. मधे चौक, चारी बाजूंनी ओसरी, वर अकरा खोल्या. दोन हात जाडीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, दारांवर रंगीत काचा, आणि छताला लोखंडी रूळ टाकून मधे विटांच्या बसक्या कमानी. मधल्या काळात तिथं लॉज झाला, गोडाऊन झालं, काही वर्षं ट्यूशन क्लासही चालला. मग नांदेडच्या एका शेठनी ती घेतली, साफसूफ केली आणि 'हेरिटेज हॉटेल' अशी पाटी लावली. मी मॅनेजर.

येणारे लोक म्हणजे हळदीचे व्यापारी, बदलीवर आलेले साहेब आणि नरसी नाहीतर औंढ्याला दर्शनाला निघालेली कुटुंबं. पहिल्यांदा असंच एक पुण्याचं कुटुंब चेकआऊट करताना म्हणालं, "तुमच्या गाईड मावशी फार छान बोलतात हो! चहा-नाष्टा झाल्यावर सगळं हॉटेल दाखवलं त्यांनी."

आमच्याकडे गाईड नव्हतीच. मला वाटलं, आमच्या सुमनबाईंनी हौसेनं दाखवलं असेल. सुमनबाई म्हणजे हाउसकीपिंगच्या. त्यांना विचारलं तर माझ्यावरच उसळल्या. "मला चादरी बदलायला टाईम न्हाई साहेब, मी काहून लोकायला भिंती दाखवत फिरू?"

पुढच्या आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक, तेच. मग तिसरं. मग ऑनलाइन रिव्ह्यू यायला लागले. 'गाईड मावशी अप्रतिम. मॅनेजर मात्र तुटक बोलतात.' वाचा म्हणजे झालं! मी सकाळी सहापासून गिझर, पाण्याचा टँकर आणि लाईट यांच्यामागे पळतोय, आणि कौतुक कोणाचं, तर जी बाई पगारावरच नाही तिचं.

शेठचा फोन आला. "गाईड ठेवली अन् मला सांगितलं नाही?"

"शेठ, ठेवलीच नाही."

"मग लोक काय स्वप्नात फिरून राहिले का?"

सगळे वर्णन तेच करायचे. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, विटकरी रंगाचं साधं लुगडं, हाताची बोटं चुन्यानं खाल्ल्यासारखी खरखरीत. साडेनऊ-दहाच्या सुमाराला ओसरीत भेटतात, 'या, दाखवते' म्हणतात आणि फिरवतात. एक गोष्ट प्रत्येक जण सांगायचा. लॉबीत आम्ही त्या व्यापाऱ्याच्या नावाची मोठी पाटी लावली आहे, पण मावशी त्याचं नावच घेत नाहीत. 'आमी बांधलं' म्हणतात. चुना बैलाच्या घाणीत कसा मळला, दगड कुठून आले, कोणती कमान दोनदा पडली...

सीसीटीव्ही बघा की, असं तुम्ही म्हणणार. बघितलं. कॅमेरा गेटवर, काउंटरवर आणि पार्किंगमध्ये. गेटमधून अशी कोणी आत येताना दिसत नाही. मागचं दार कायम कुलपात, किल्ली माझ्याकडे. ओसरीत कॅमेरा मागितला तर शेठ म्हणाले, हेरिटेज लुक जातो.

मग मी स्वतः दबा धरून बसायला लागलो. रोज साडेनऊला ओसरीत खुर्ची टाकायची. आणि रोज काहीतरी निघायचं! पाच नंबरचा फ्लश तुटला, गॅसवाला आला, कोणाचं लेकरू बाथरूममध्ये अडकलं. परत येईपर्यंत गेस्ट लोक हसतमुखानं ओसरीतून बाहेर. "आत्ताच गेल्या हो मावशी."

एकदा तर अगदी जवळ पोचलो. एक जोडपं जिन्याच्या तोंडाशी वर बघत उभं होतं. "कुठायत?" मी विचारलं. "ह्या काय, आत्ता वर गेल्या." मी धावलो. वळणावर सुमनबाई वाकून पायऱ्या पुसत होत्या. फरशी ओली, वरपासून खालपर्यंत एकाही पावलाचा ठसा नाही.

"कोण गेलं वर?"

"कोणी न्हाई. म्या इथंच पुसून राहिले कवाची. आता तुमी चिखल केला ना सगळा!"

खरं सांगतो, भीती वाटली नाही. चिडचिड झाली. सगळ्या जगाला दिसते, मलाच का नाही?

त्यानंतर चार नंबरचं प्रकरण झालं. तिथं उतरलेले एक रिटायर्ड इंजिनिअर म्हणाले, "कपाटामागचं भोक जरा बघायचं होतं. छताच्या कापडी पंख्याची दोरी त्यातून बाहेर जायची, आणि दोरी ओढणारा माणूस ओसरीत बसायचा, असं मावशी म्हणाल्या." मी म्हटलं, साहेब, रिनोव्हेशन माझ्या डोळ्यांसमोर झालंय, असलं काही नाही. ते हटून बसले. शेवटी चौघांनी मिळून ते शिसवी कपाट सरकवलं. मागं भिंतीत, पुरुषभर उंचीवर, मुठीएवढं भोक, ओसरीच्या बाजूनं गिलाव्यानं बुजवलेलं. खालची कड दोरी घासून घासून गुळगुळीत झालेली. क्लासवाल्यांच्या काळापासून ते कपाट तिथून हललं नव्हतं, आणि मावशीला भोक माहीत!

आता मुख्य गोष्ट. शेठना लिफ्ट बसवायची होती. जागा ठरली चौकाचा पूर्वेचा कोपरा. लिफ्टवाल्यांच्या इंजिनिअरनं नकाशा दिला, सोमवारी सकाळी खड्डा खोदायला रशीद मिस्त्री दोन माणसं घेऊन येणार होते. रविवारी दुपारी एक शाळामास्तरीण बाई चेकआऊटला आल्या आणि जरा अवघडून म्हणाल्या, "एक निरोप आहे तुमच्यासाठी. मावशी म्हणाल्या, पूर्वेच्या कोपऱ्यात खोदू नका. खाली विहीर आहे, वर नुसत्या दगडी पट्ट्या टाकून झाकलीय. मॅनेजरला सांगा म्हणाल्या."

"मग मला का नाही सांगत त्या?" मी जवळजवळ ओरडलोच.

बाई घाबरल्या. "तुम्ही थांबत नाही म्हणे. सारखे पळत असता..."

मी शेठना फोन लावला. ते जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. सार एवढंच, की जी बाई अस्तित्वातच नाही असं मी सहा महिने सांगतोय, तिच्या शब्दावर काम थांबवायचं असेल तर मी दुसरी नोकरी बघावी. पोरीची बारावी चालू होती. हिंगोलीत माझ्या लाइनची दुसरी नोकरी कुठली? आणि इंजिनिअरच्या नकाशात विहीर नव्हती.

सोमवारी सकाळी मिस्त्रींची माणसं कोपऱ्यात टिकाव घेऊन उभी राहिली तेव्हा मात्र मला राहवेना. मी मधे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "मिस्त्री, आधी नुसती पहार मारून बघा. आणि मारणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधा, ओसरीच्या खांबाला."

मिस्त्री हसले. "अरे साहब, लिफ्ट का गड्ढा है, बोरवेल नहीं."

"माझ्यासाठी बांधा."

माझं तोंड बघून बांधली. फरशी काढली, खाली मुरूम लागला. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मग एका घावाला पहार हातातून सुटली आणि सरळ आत गेली. जमीन त्या माणसाच्या पायाखालून खचली. तो छातीपर्यंत आत लोंबकळला, दोरी ताणली, आम्ही तिघांनी ओढून त्याला ओसरीत आणला. मागोमाग एक दगडी पट्टी सुटून आत गेली. खालून पाण्याचा आवाज आला, पण उशिरा. म्हणजे किती खोल असेल बघा.

तो माणूस खांबाला टेकून बसला होता, पाणीसुद्धा पिववेना त्याला. मिस्त्री माझ्याजवळ आले. "साहब... आपको किसने बोला?"

मी त्या माणसाच्या कमरेची दोरी सोडायला लागलो.

शेठ त्याच दिवशी आले, विहिरीत टॉर्च मारून बघितलं. लिफ्ट दुसरीकडे गेली. मी मात्र स्वस्थ बसलो नाही. आसपासच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. जुनी म्हातारी माणसं गाठली, इथं कामाला होती अशी कोणी बाई आहे का, येडी-बिडी कोणी भिंतीवरून येते का, सगळं विचारलं. विहीर कोणालाच आठवत नव्हती.

मग मी ठरवलं, काम सोडून रोज दहा वाजता आपणच गेस्टना हॉटेल दाखवायचं. निदान ओसरीत एका जागी थांबणं तरी होईल. महिनाभर दाखवलं. वाटलं, मिटलं प्रकरण. तर परवा वाशीमचे एक गृहस्थ जाताना म्हणाले, "तुम्ही मोठा दरवाजा शिसवाचा सांगितला ना? मागून त्या मावशी म्हणाल्या, साहेब चुकतात, सागवानी आहे. काळा रंग नंतर दिलाय."

सुताराला बोलावून खरवडून घेतला. सागवानी निघाला.

मी तिथंच, भर ओसरीत, मोठ्यानं म्हणालो, "अहो बाई, मला सांगा की! मी इथंच उभा आहे ना आता!"

वरून सुमनबाई कठड्यावर वाकल्या. "कोणाशी भांडून राहिले साहेब?"

कोणाला असा अनुभव असेल, काही कारण सुचत असेल, तर कळवा. फक्त ओसरीत कॅमेरा लावा, हे सोडून.