पानरोटी आणि धूर मोजायचा डबा

सगळ्यात आधी आली ती माहेरच्या गल्लीतली चंद्रकला. आम्ही जीपमधून उतरून लुगड्यावरची धूळ झटकून राहिलो होतो, तर ही समोर हजर. मला म्हणते, बाई, किती वर्सांनी दिसल्या. तोंड माझ्याकडे आणि डोळे पोरींच्या पेटीवर. तिच्या मागून तिची सून आली, मग शेजारच्या दोघी आल्या. पाणी कोणी विचारलं नाही, पेटीत काय आहे ते मात्र सगळ्यांनी विचारलं. एकीचं म्हणणं, हे ते नवीन वीज मीटर, आता घरात घुसून लावतात. दुसरी म्हणे फॉरेस्टवाल्यांचा क्यामेरा. चंद्रकलाने तर पाच मिनिटांत ठरवून टाकलं, की गोरी पोरगी गॅसवाल्यांचं माणूस आहे आणि म्हातारीला पुढे करून आणली आहे.

म्हातारी म्हणजे मी.

पण आधी गेलो कसे ते सांगते. ज्यांना जायचं आहे ते नाहीतर म्हणतील, ही तर सरळ जीपमधूनच टपकली.

माझी नात अस्मिता नागपूरच्या कॉलेजात शिकते. चुलीचा धूर, जंगलातलं लाकूड, शेणाचा गॅस, असला तिचा अभ्यास. मी चार बुकं शिकले, तीही मधून मधून. मला वाटलं चुलीत काय शिकायचं, लाकूड सारा, पेटते. तर म्हणाली, आजी, रांधताना घरात धूर किती साचतो ते डब्याने मोजायचं आहे. जिथे धूर जास्त, तिथे काही घरी कॉलेज गोबरगॅस बसवून देणार आणि मग परत मोजणार. त्यासाठी तिने माझं माहेर धरलं होतं, केशोरीहून थोडं आत, जंगलाच्या कडेला. तिच्या सरांनी बजावलं होतं, की पहिल्या चार दिवसांत धूर सापडला नाही तर गाव बदला. म्हणजे गोबरगॅस दुसऱ्या गावाला आणि पोरीचं वर्षाचं काम पुन्हा पहिल्यापासून.

मला वाटलंच होतं. नातवंडं आजीला उगाच फिरायला नेत नाहीत. पण माहेर म्हटल्यावर मी काय नाही म्हणते? दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ओट्यावर बसले होते.

नागऱ्याहून, म्हणजे माझ्या सासरहून, निघालो. पोरींना म्हटलं महादेवाच्या देवळात हात जोडून या, दूरचं काम आहे. सोबत ऋचा होती, तीच ती गोरी पोरगी, अस्मिताची मैत्रीण, पुण्याची. बोलणं गोड, इतकं गोड की मला शंका आली. प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हणते. गोठ्यात गेली आणि शेण पाहून खूश झाली. शेण पाहून हसणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

गोंदियाहून बल्लारशाच्या बाजूची गाडी धरायची आणि अर्जुनीला उतरायचं. तिकीट फार नाही, पण सकाळचीच गाडी धरा, दुपारची कधी येईल तिचं तिलाच माहीत. गोंदिया स्टेशनवर सगळं हिंदी. चहावाला म्हणाला, "अम्मा, शक्कर कम या ज्यादा?" मी म्हटलं, पहिले बनव, मग पाहू. चहा पाणचटच निघाला, घरून नेला असता तर बरं. खिडकीची जागा डाव्या हाताची घ्या. माघात गेलात तर धान कापलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांत, लाखोरीची डाळ हिरवीगार दिसते, आणि ठिकठिकाणी मिरच्या वाळत घातलेल्या.

अर्जुनीहून एसटी मिळाली तर बायांना अर्धं तिकीट. आम्हाला नाही मिळाली. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हालत नाही. ड्रायव्हर अर्धा तास "बस, निघालोच" म्हणत राहिला आणि माणसं कोंबत राहिला. पुढची सीट मी सोडली नाही. ऋचाच्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी बसली होती. तिने कोंबडीलाही थँक्यू म्हटलं असेल.

तर अशा आम्ही पोचलो. माझा भाऊ वारला, आता घरात भावजय सुमन, तिचा मुलगा आणि सून. सुमनने पाय धुवायला पाणी दिलं, पण तोंड आंबट. मला वाटलं, मी न सांगता आले म्हणून. मग वाटलं, मागे लग्नात लुगडं हलकं दिलं म्हणून. असं मी झोपेपर्यंत वाटून घेत राहिले.

स्वयंपाकखोलीत गेले तर गॅस नुसता चमकून राहिला. चूल सारवून, वर उलटं टोपलं ठेवलेलं. अस्मिताने भिंतीला डबा टांगला, साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठा. हवा साफ असली की हिरवा दिवा, धूर झाला की लाल. सुमन त्याच्याकडे असं पाही, जसं जावयाकडे पाहतात, आदर पण लांबून. अस्मिता म्हणाली, "मामीआजी, रोज करता तसंच करा. मी घरोघरी नंबर लिहिते, नाव लिहीत नाही." सुमन म्हणाली, "आमी त गॅसवरच करतो, माय." आणि गॅस लावून वरण शिजवलं.

दुसऱ्या दिवशी पोरींनी गल्लीतल्या घरांत डबे टांगले. सगळीकडे गॅस, सगळीकडे हिरवा दिवा. चंद्रकलाच्या घरी तर गॅसच्या शेगडीवर प्लास्टिकचा कागद अजून तसाच होता, तो हिने आमच्यासमोर काढला. मी विचारलं, काऊन गे, नवीन घेतली का? तिला एकदम खोकला आला. गल्लीत सगळ्याच बायांना खोकला होता आणि डोळे लाल. गॅसवर रांधणाऱ्या बायांचे डोळे लाल कशाने? पण आल्या आल्याच माहेरची पोल खोलायची नसते.

संध्याकाळी अस्मिता ओट्यावर गुडघ्यात तोंड घालून बसली. आकडे सगळे साफ. सरांना फोन केला, ते म्हणाले, दोन दिवस अजून पाहा, नाहीतर दुसरं गाव. पोरगी जेवली नाही. ऋचा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, तेव्हा पहिल्यांदा मला ती पोरगी जरा बरी वाटली.

तिसऱ्या दिवशी मन रमायला इटियाडोह धरणावर गेलो. पाहण्यासारखं आहे, जरूर जा. पाणी एवढं की पलीकडचा काठ धुरकट दिसते. आमच्या भागातलं धान त्याच पाण्यावर. सोबत पाणी आणि खायला घेऊन जा, तिथे काही मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही चिवडा नेला होता, अर्धा माकडांनी नेला. मी लहान असताना बापासोबत बैलगाडीत आले होते तिकडे, की दुसरीकडे कुठे तरी, आता आठवत नाही, पण पाणी होतं.

परत आलो तर सुमनचं तोंड उजळलेलं. दिवसभर आम्ही नव्हतो ना. म्हणाली, बाई, तुमच्यासाठी केली, आणि ताटात पानरोटी वाढली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तांदळाचं पीठ मळून पळसाच्या पानांच्या मधे थापायचं आणि इंगळावर भाजायचं. वरून पान जळून जाते, आत रोटी, तिला पानाचा आणि धुराचा वास. सोबत लाखोरीचं वरण. मी पहिला घास घेतला आणि मायची आठवण आली. दुसरा घास घेतला आणि माझा हात थांबला.

गॅसवर पानरोटी होत नाही. इंगळ पाहिजे.

मी सुमनकडे पाहिलं. सुमनने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की मला कळलं. पोरी मजेत खात होत्या. ऋचा म्हणाली, "किती छान स्मोकी टेस्ट आहे!" सुमनच्या सुनेने पटकन पदर तोंडाला लावला. मी दुसरी पानरोटी मागून घेतली. भावजयीला परक्या पोरींसमोर उघडं पाडणं बरं नाही, आणि रोटी खरंच चांगली होती.

सकाळी सुमन उठली तशी मी तिच्या मागे निघाले. सांदवाडीतून, म्हणजे घरामागच्या परसातून, ती गोठ्याच्या आडोशाला गेली. तिथे तीन चुली पेटलेल्या. चंद्रकला होती, शेजारणी होत्या, आम्ही आल्यापासून अख्ख्या गल्लीचा स्वयंपाक तिथे होऊन राहिला होता. वर पत्रा, तिन्हीकडून ताट्या, धूर जायला वाट नाही, आणि बाया खोकत खोकत भाकरी थापत आहेत. शिजलेलं मग मागच्या दाराने आपापल्या घरी. मला पाहून कोणी उठलं नाही. चंद्रकलाने फक्त म्हटलं, आली फॉरेस्टवाली.

मला हसूही आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "सुमन, माह्या नातनीचं वर्ष वाया चाललं, अन् तुमी लपाछपी खेळून राहिल्या?"

सुमन फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "बाई, गॅस भेटला तरी चूल पेटवते म्हणून लिहिलं त आमचं नाव कापतील. लाकूड कुठून आणलं म्हणून गार्ड येईल. तुमची नातीन चांगली हाये. पण थे पुण्याची कोन हाये, तुमाले तरी माहीत हाये का?"

खरं तर मलाही माहीत नव्हतं. चार दिवस थँक्यू ऐकलं म्हणजे माणूस ओळखलं असं होत नाही. आणि उद्या खरंच गॅस बंद झाला तर सुमन मला या दारात उभी करणार नाही. भाऊ गेल्यावर हेच एक दार राहिलं आहे. पण वाटलं, चुलीपुढे बसली की बायांनाही कळेल ही कशी आहे. मी तशीच परत आले, आणि पोरींना उठवून म्हटलं, चला, ऋचाला पानरोटी शिकायची आहे ना.

तिने कधी म्हटलं नव्हतं. पण उठली.

गोठ्यामागे पोचलो. अस्मिताने तीन चुली पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, आता बोलू नको, बस. चंद्रकला सरकली आणि ऋचाला चुलीपुढे बसवलं. मुद्दाम ओलसर लाकूड सारलं, मी पाहिलं ते. पोरगी फुंकणी घेऊन बसली. एका फुंकीत राख तिच्याच तोंडावर. बाया हसल्या. दुसऱ्यांदा धूर असा उसळला की तिच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी. चंद्रकला म्हणाली, ऊठ बाई, तुह्या पुण्याले सांगाव लागेल, पोरगी भाजली म्हणून. ती उठली नाही. पहिली रोटी कोळसा झाली, दुसरी कच्ची. तिसरी जमली तोवर तिला बोलता येत नव्हतं, इतकी खोकून राहिली होती.

मग तिने डोळे पुसले आणि सुमनला विचारलं, "मामीआजी, रोज किती वेळ बसता चुलीपुढे?"

सुमनने इंगळ मागे सारले. तिला हे आजपर्यंत कोणी विचारलं नसावं. माझ्या भावाने तर नाहीच, आणि मीही नाही. मग म्हणाली, "कोन मोजलं? तुमचा डबा मोजते म्हनता ना, त आना, लावा इथंच."

डबा आणला. टांगायच्या आधी, हातातच, लाल दिवा लागला. चंद्रकला म्हणाली, "अगं बाई, याले बी खोकला झाला." आणि मग तीच पहिली म्हणाली, माझ्या घरच्या चुलीजवळ पण लाव, पण नाव लिहिलं तर डबा विहिरीत टाकीन.

बाकीचे दिवस डबे खऱ्या चुलींजवळ टांगले. अस्मिताला एकच घोर, की आधीच्या हिरव्या दिव्यांचं काय करायचं, खोडायचे का. सुमन म्हणाली, "काऊन खोडतं? लिही, पाहुने आले की आमचं गाव गॅसवर रांधते." तिने तसंच लिहिलं. सर फोनवर हसले म्हणे, आणि गाव बदलायचं राहिलं.

निघताना सुमनने मिरच्यांची पिशवी दिली. त्या बाजूला गेलात तर मिरची घ्याच, पण तोंडाने भाव करा आणि हाताने दाबून पाहा, वरून लाल आणि खालून ओली घालतात. सुमननेही थोड्या ओल्याच घातल्या होत्या, घरी आल्यावर दिसलं.

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. लुगड्यातला धुराचा वास दोन धुण्यांत गेला. पण मी चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवते तेव्हा सून जवळून गेली की तिला म्हणते, जरा लांब बस. आधी म्हणत नव्हते. ऋचाचा फोन येतो, अजूनही थँक्यू म्हणते. नाव तिने खरंच लिहिलं नाही का, ते मी अस्मिताला तीनदा विचारलं. नाही म्हणते. पाहू.

सुमनच्या सांदवाडीत गोबरगॅसचा खड्डा खणून झाला. तिचा काल फोन आला होता. आधी मिरची कशी निघाली ते विचारलं, मी चांगली म्हटलं. मग इकडचं तिकडचं. शेवटी म्हणते, बाई, खड्डा त खनला, आता पोरी येतीलच ना? नाही आल्या त चंद्रकला मले जगू देनार नाही, म्हनते त्यात म्हशी बुचकाळ. पावसाळ्यात ओल्या लाकडाचा धूर सगळ्यात वाईट, तेव्हा मोजायला येतो असं त्या बोलून गेल्या होत्या. सुमनने दिवस पक्का विचारून ठेवला आहे आणि मलाही पाठ करायला लावला: पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीचा, जेव्हा सकाळी सगळं गाव मारबतीचा पुतळा घेऊन "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत" म्हणत शिवेपर्यंत जाते.