पोस्टिंगवर मिळालेलं घर

सटाण्याच्या स्टँडवर नाशिकची बस सुटली तेव्हा, आई, तू खिडकीखाली उभी राहून एवढंच म्हणालीस, "आमनी काळजी करू नको." देवळा गाव मागे पडेपर्यंत मी रडत होते.

नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी आपलं अहिराणी 'शे' निघालं आणि मेसमधल्या मुली खळखळून हसल्या. तेव्हापासून तुझ्याशी फोनवर बोलायलासुद्धा मी जिन्यात जायची, हळू आवाजात.

तिसऱ्या वर्षी पेठकडच्या एका पाड्यावर आमचं कम्युनिटी पोस्टिंग होतं. प्रत्येकीला काही घरं वाटून दिली होती. माझ्या वाट्याला सुनंदा आली. आठवा महिना, पहिलंच बाळंतपण. मी रोज बीपी घ्यायची, वहीतलं पाठ केलेलं बोलायची. ती नुसती मान डोलवायची. शेवटच्या दिवशी गेले तर तिचे पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. बीपी मी दोनदा मोजलं, इतकं वाढलेलं. बाहेर कॉलेजची बस हॉर्न देत होती.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"नाय येत. मागं गेलते तर तिथली बाई लय बोलली. माझ्या बोलण्याला हसली, सगळ्यांदेखत."

मी वही मिटली. मी तिच्याशेजारी सारवलेल्या जमिनीवर बसले आणि सांगितलं, मलाही हसतात. आईशी मी चोरून बोलते. तिने माझा हात धरला.

"तू ऱ्हाशील माझ्यासंगं?"

"राहीन."

आमच्यासोबत आलेल्या कॉलेजच्या मॅडमनी मुलींची बस पुढे पाठवली, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि स्वतः आमच्यासोबत बसल्या. घाटातून नाशिकपर्यंत सुनंदाने माझा हात सोडला नाही. सिझर झालं. मुलगी एवढीशी, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. पण जगली. दोघीही जगल्या. त्या दिवशी वॉर्डाच्या व्हरांड्यातून मी तुला फोन केला, मोठ्याने, अहिराणीत.

आता आयर्लंडच्या हॉस्पिटलात ड्युटीचं रोस्टर, बारा तासांचा लाँग डे, पाळी बदलताना पेशंटचा हँडओव्हर. बोलताना पुन्हा शब्द तोलावे लागतात. ऑफच्या दिवशी फ्रीजरमधली पोळी गरम करताना तुझी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आठवते.

गेल्या सुट्टीत मी सटाण्याला यायच्या आधी पाड्यावर गेले, म्हणून तू रुसलीस. "घर सोडीसन पहिले तठे?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहितेय.

मी पोचले तेव्हा सुनंदा अंगणात नागली पाखडत होती. मुलगी शाळेत गेली होती. शेजारीण माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "ही कोण गं?"

सुनंदाने सूपसुद्धा खाली ठेवलं नाही. "आमच्या घरची हाय," ती म्हणाली. "लांब ऱ्हाते. येते अशी मधीमधी."