मास्तरांची गाडी थांबत नाही

स्टेशनच्या क्वार्टरमध्ये राहिलं की खिडकीत इंजिनाची काजळी साठते आणि कानात किस्से. काजळी मी रोज पुसते. किस्से पुसायला मन होत नाही.

लग्न होऊन मला अजून वर्ष व्हायचंय. सांगलीजवळचं हे संस्थानी काळातलं दगडी स्टेशन. रुंद रूळ आल्यावर ते राहणार की जाणार, यावर बाकावर रोज वाद चालतो. आमचे 'हे' इथले मास्तर. स्वयंपाकघराची खिडकी थेट फलाटावर उघडते, त्यामुळे मी कुठे न जाता सगळीकडे असते.

पहिल्याच आठवड्यात एका भाजीवाल्या म्हातारीनं खिडकीतून विचारलं, गाडी कवा येणार? मी म्हटलं, मला नाही माहीत. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आगं, मग डाळ कशावर टाकतीस?"

आता मीही सकाळच्या शटलवर टाकते. डाळ कधी कच्ची राहते, कधी करपते. दोष गाडीचा.

*

ही शटल कायम उशिरा. एकदा मात्र चक्क वेळेवर आली. फलाटावर आमचे पॉइंट्समन तात्या आणि एक कुत्रं, बाकी कुणी नाही. गाडी रिकामी निघून गेली. मग कॉलेजची मुलं, कचेरीतले कारकून, दूधवाले रमतगमत उगवले आणि सगळे मिळून यांच्या खोलीत शिरले.

"मास्तर, येळंवर आणायची हुती तर आदल्या दिशी सांगाया नगं?"

यांनी माफी मागितली.

*

गुळाचे व्यापारी आप्पा जैन, सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत. थंडीतली गोष्ट. बाजार उरकून ते संध्याकाळच्या शटलनं परत निघाले, तर गाडी अलीकडच्याच स्टेशनात अडकून पडली. आप्पांनी खाली उतरून ड्रायव्हरला फक्त मावळतीकडे बोट दाखवलं. सिग्नल पडल्यावर त्यानं गाडी अशी आणली म्हणे, की डब्यातल्या पाट्यांमधली वांगी खाली लोळत होती. आप्पा उन्हात जेवले.

तेव्हापासून संध्याकाळी डब्यात चढताना लोक आधी विचारतात, "आप्पा हायत न्हवं?"

*

गाडी पळवणारे असे असतात, पण धरून ठेवणं यांच्या तत्त्वात बसत नाही. गाडीला मामा-भाचा नसतो, म्हणतात. नुसतं म्हणत नाहीत. सासूबाईंचे सख्खे भाऊ चपला हातात घेऊन पळत येत होते, आणि यांनी शांतपणे हिरवा झेंडा दाखवला. मामा घरी परतले, जेवले, झोपले, आणि रुसून चार दिवस राहिले.

आता पाहुणा निघाला, की सासूबाईच लेकाला बजावतात, "आरं, आज तेवढी गाडी धर."

*

मला काळजी होती ती याच तत्त्वाची. माझं माहेर शिराळ्याचं. नागपंचमीला तिथे सगळं गाव लोटतं, आणि लग्नानंतरची पहिली पंचमी लेकीनं माहेरीच करायची. आदल्या दिवशी दुपारी फौजेतून सुट्टीवर आलेला दादा मुराळी म्हणून न्यायला आला. दुपारची शटल मिळाली, तरच सांगलीहून शिराळ्याची शेवटची एसटी मिळणार होती.

मी सकाळपासून तयार. पण ओटी भरल्याशिवाय सून उंबऱ्याबाहेर कशी जाणार? सासूबाईंनी ओटी भरली. मग तात्यांची कारभारीण आली. मग आप्पांच्या घरचं माणूस नारळ घेऊन आलं. तेवढ्यात शटल फलाटाला लागली. दादा ट्रंक घेऊन पुढे गेला आणि डब्याच्या दारात उभा राहिला. इकडे सासूबाईंना आठवलं, की खण द्यायचा राहिला, आणि तो पेटीच्या तळाशी. नवी सून, घाई करा म्हणणार कशी? मी पाटावर बसून खिडकीतून यांच्याकडे बघत राहिले. यांनी एकदाही इकडे पाहिलं नाही.

तिकडे इंजिनात पाणी भरून झालं. इंजिनानं शिटी दिली. गार्ड यांच्याकडे बघू लागला.

यांनी कोटाचे खिसे चाचपले. मग खोलीत गेले, बाहेर आले, परत आत गेले.

"तात्या, झेंडा कुठे ठेवला?"

गुंडाळलेला हिरवा झेंडा यांच्या काखेत होता. मला खिडकीतून दिसत होता. गार्डला दिसत होता. सगळा डबा खिडक्यांतून माना काढून बघत होता.

तात्यांनी काखेकडे पाहिलं, मग आमच्या खिडकीकडे. मग धोतर सावरून ते गुडघ्यावर बसले आणि बाकाखाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

"हितं बी न्हाई, सायेब. गोदामात बघू का?"