सोपटांचा पाट आणि कुलपातलं केळ

अर्धापूरच्या पट्ट्यात केळी इतकी, की आमच्याकडं लेकरू आधी केळीच्या पानामागं लपायला शिकतं आणि मग चालायला. अशा गावातल्या अंगणवाडीची मी बाई. एकदा आम्हाला खेळण्यांची पेटी आली. उघडली तर सगळ्यात वर काय? प्लास्टिकचं केळ! पिवळंधमक. त्यावर एक माशी बसली आणि शरमून उठून गेली, या डोळ्यांनी बघितलंय.

तरी ती पेटी मी लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. खेळणी फुटली तर तपासणीला दाखवायचं काय? म्हणून खेळणी आत आणि लेकरं बाहेर. दोन वर्षं लेकरांनी ते केळ कपाटाच्या फटीतून बघितलं.

मग एके दिवशी त्यांनी फटीचा नाद सोडला. शेजारच्या रानात घड काढून तोडलेले केळीचे बुंधे पडले होते. त्यातला एक, हत्तीच्या पायाएवढा, दहा-बारा जणांनी ओढत आणला आणि त्याची सोपटं सुटी केली. सोपट म्हणजे बुंध्यावरची लांब साल, पन्हाळीसारखी खोलगट. मी ओरडणारच होते, पण नेमका घसा बसलेला. आवाज पार उमरी गावाच्या पलीकडं निघून गेला होता. माझं सगळं शिक्षणशास्त्र त्या बसलेल्या घशातून निघालं. मी खुर्चीवर गप बसले आणि अर्धा दिवस एकही लेकरू रडलं नाही.

घसा सुटला, पण मी गपच राहिले. तुरीच्या काड्या, चिंचोके, चिखल, जे हाती येईल त्याचं लेकरं काहीबाही करायची. आणि तिथंच आबा येऊन धडकले.

आबा म्हणजे गावातल्या मोठ्या खटल्याचे, भरल्या घरादाराचे कर्ते. त्यांची नात माझ्याकडं, वय चार, हात कोपरापर्यंत चिखलात.

"बाई, हे काय शिकवून राहिल्या तुम्ही? चिखल? तो तर आमच्या रानात फुकट हाय."

"आबा, बसा तर खरं."

"बसायला न्हाई आलो. सोमवारपासून ही व्हॅननं इंग्रजी शाळेत जाती."

आबांची नात व्हॅनमध्ये बसली की तिच्या मागं अर्धा गाव बसणार, आणि मी रिकाम्या अंगणवाडीत ते प्लास्टिकचं केळ राखत राहणार.

नातीला यातलं काही ऐकू गेलं नाही. तिनं सोपटाला सोपट जोडून पाट केला होता. पाटाच्या दोन्ही अंगाला चिखलाचे वाफे, वाफ्यात काड्यांच्या केळी. तांब्यानं पाणी सोडलं, तर पहिल्या वाफ्यानंच सगळं पिऊन टाकलं. तिनं तोंड वाकडं केलं, चिखलाचा गोळा घेतला आणि पहिल्या वाफ्याचं तोंड बुजवलं. मग दुसऱ्याचं. पाणी सरळ शेवटच्या वाफ्यात.

आबा पाटाशी उकिडवे बसले. गावात आता घरोघर ठिबक. पण आबांचं अर्धं आयुष्य रानात दारं धरण्यात, म्हणजे एका वाफ्याचं तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडण्यात गेलेलं. नातीनं ते कधी बघितलेलंच नाही.

"कुणी शिकवलं गं तुला?"

'मी' असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं.

"कुणी न्हाई," नात म्हणाली. "बाई तर खुर्चीवर बसून राहिल्या होत्या."

झालं! आबा माझ्याकडं वळले. "मग बाई, तुमचं काम काय?"

"तेच, आबा. गप बसायचं. लई अवघड हाय. बघा करून."

"ह्यात काय अवघड?" म्हणत आबांनी मांडी घातली. श्वास पाच वेळा आत-बाहेर झाला नसेल, तोच त्यांचा हात पाटाकडं गेला. "अगं, उतार इकडून दे..."

नातीनं चिखलाच्या हातानं त्यांचा हात बाजूला सारला. "आबा, मी करून राहिले ना!"

आबांच्या पांढऱ्या बाहीवर पाच बोटं उमटली. गावात आजवर कुणी त्यांचा हात असा सारला नव्हता. ते हसले. इतके, की अंगणातल्या पिंपळावरचे कावळे उडाले ते रेणापूरलाच टेकले म्हणतात.

सोमवारी व्हॅन वळणावर येऊन भोंगा वाजवून वाजवून थकली. आबा ट्रॅक्टर घेऊन आले होते. ट्रॉलीत इतके बुंधे की अंगणवाडी त्यामागं दिसेना. नात सगळ्यात वर बसलेली. उतरली ती तडक माझ्यापाशी.

"बाई, चिखल वाहून जातोय. दाराला घट्ट काहीतरी पाहिजे. ते कपाटातलं केळ द्या."

मी कुलूप काढलं. वाफ्याच्या तोंडात ते केळ असं बसलं, की पाण्याचा एक थेंब पुढं सरकला नाही.