आमच्या सोप्यातले परीक्षक

आज सकाळपासून धुकं असं दाटलंय की समोरच्या घरातला हवालदार दिसत नाही, नुसता त्याचा खोकला ऐकू येतो. उसाची बैलगाडी दारावरून गेली, तीही घुंगरांवरूनच कळली. अशा दिवशी म्हाताऱ्या माणसानं काय करावं? सोप्यात बसावं आणि टीव्हीला नावं ठेवावीत!

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ऊस तुटून गेला की बांधाला पाचट साठतं, तसे ते साठत जातात. मला लिहिता येत नाही. मी सांगतो, सूनबाई लिहिते. भाषा तिनं जरा धुऊन घेतली आहे.

आमचं मंडळ चौघांचं. मी, आमची मंडळी, दुष्काळी माण तालुक्यातून मेंढरं घेऊन आलेला आणि आष्ट्याच्या या शिवारातच राहून गेलेला महादू, आणि फौजेतून रिटायर झालेला हवालदार. हवालदाराचं एक दुखणं आधीच सांगतो. त्याच्या सुमीनं पुण्यात आपल्या पसंतीनं लग्न केलं. हा हटून बसला, लग्नाला गेलाच नाही. तेव्हापासून ती याचा फोन उचलत नाही. ती रोज संध्याकाळी एक मालिका बघते, एवढं कुणाकडून तरी कळलं. मग हाही बघायला लागला. म्हणतो, "येकाच टायमाला दोघं येकच बघतोय. तेवढंच!"

*

त्याच मालिकेत सून पहाटे म्हशीची धार काढते. अंगावर पैठणी, कोपरापर्यंत बांगड्या, केस मोकळे! म्हैस शांत उभी.

महादू बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "नाना, येवढा खुळखुळाट करून बी म्हस लाथ घालत न्हाई. म्हंजे तिलाबी पगार हाय!"

*

पुढं मालिकेतला नवरा दरीत पडला. महिन्याभरानं परत आला तो दुसराच नट! चेहरा बदलला म्हणे, ऑपरेशन झालं. घरच्या सगळ्यांनी एका मिनिटात ओळखला. कुत्र्यानंसुद्धा!

आमच्या मंडळीनं मात्र ओळखला नाही. तिनं झटकन डोक्यावरून पदर घेतला आणि टीव्हीकडं पाठ केली.

मी म्हटलं, "अगं, काय झालं?"

"आवं, परका पुरुष घरात शिरलाय, आन ती खुळी त्याला चा देतीया!"

अजूनही तो पडद्यावर आला की ती पदर घेते. पहिला होता तेव्हा घेत नव्हती.

*

सूनबाईनं फोनवर फौजेची एक मालिका लावली. हिरो एकटा, समोर शंभर शत्रू. बंदूक थांबायचं नाव घेईना. आम्ही श्वास रोखून बसलो. हवालदार मात्र कपाळाला हात लावून बसला.

"काय रं, आवडलं न्हाई व्हय?" मी विचारलं.

"आवडायचं काय त्यात! आमच्याकडं फायरिंगला येक रिकामं काडतूस कमी भरलं, तर आख्खी पलटण रांगत गवतात हुडकत हुती. ह्यानं किती उडवली बघ. ह्यो लढाईत मरायचा न्हाई गड्या, चौकशीत मरंल!"

*

आता गाण्याचं. गेल्या लग्नसराईत एकच गाणं गावभर वाजत होतं. आमच्या फळीवरची भांडी त्या ठेक्यावर कडेला यायला लागली! शेवटी मंडळीनं ती खालीच उतरवून ठेवली. गाणाऱ्याचा आवाज मशीनमधून थरथरत काढलेला.

सूनबाई म्हणाली, "मामा, हाच आवाज आता चालतो."

महादू म्हणाला, "चालंल की! आमचा बोकड मशीन न लावता असाच वरडतो. त्याला कोण इचारतंय का बघ, ताई!"

*

सूनबाई वाचनालयातून एक कादंबरी घेऊन आली. दुष्काळी मुलखावरची, बक्षीस मिळालेली. रोज दुपारी ती आम्हाला वाचून दाखवायची. विहीर कोरडी, डोळे कोरडे, सगळंच कोरडं! मंडळीनं दोनदा डोळे पुसले.

पुस्तक संपल्यावर सूनबाईनं महादूला विचारलं, "तुमच्याच भागाची गोष्ट. कशी वाटली?"

महादूनं दाढी खाजवली. "ताई, समदं खरं हाय. पर येवढ्या जाड पुस्तकात येकजण बी येकदा बी हासलं न्हाई. आमच्याकडं पानी न्हवतं. चावटपना लय हुता!"

*

आणि हा अलीकडचा.

मेढ्याला हवालदाराचा पलटणीतला दोस्त राहतो. त्यानं फोन करून कळवलं, 'तुझ्या त्या मालिकेतल्या लग्नाचं शूटिंग आमच्या गावात हाय. गर्दीला म्हातारी मानसं पायजेत.' हवालदारानं कडक इस्त्रीचा सदरा घातला, फेटा बांधला आणि पहिल्या एसटीनं गेला.

संध्याकाळी परतला. काय झालं ते चहा घेता घेता हळूहळू बाहेर आलं. नवरी मांडवात आली, मंगलाष्टकं सुरू झाली आणि याचे डोळे वाहायला लागले. थांबेनात. डायरेक्टर पोरगा धावत आला, "आजोबा, तुम्ही नवऱ्याकडचे! हसा!" परत घेतलं, हा परत रडला. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी पोरानं कंटाळून हात जोडले आणि याला नवरीच्या बाजूला नेऊन उभा केला!

तो भाग लागला त्या दिवशी आम्ही चौघं टीव्हीपुढं. नवरीच्या खांद्यामागं हवालदार दिसला. फेटा, मिशा आणि गालावर ओघळ. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर गेलाही.

"बेस काम केलंस रं!" मी म्हटलं.

तो उठला. चपला घातल्या आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धावतच आमच्या अंगणात आला. एका पायात चप्पल, हातात फोन, चेहरा लालबुंद.

"नाना! सुमीचा फोन आल्ता! म्हनली, 'आबा, खोट्या लग्नाला फेटा बांधून गेलासा, आन माझ्या लग्नाला पाय दुखत हुतं व्हय?' लय भांडली रं गड्या, लय भांडली! आन फोन ठेवताना म्हनली, आजून संपल्यालं न्हाई, उद्या परत भांडनार हाय!"